तळ्याकाठचं माळवद

नांदेड जिल्ह्यात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हा शब्द सांगितला की त्याच्या डोळ्यांपुढे लाल माती आणि पैलवान उभे राहतात. आमच्या आखाड्यावर बैलं असतात, कडब्याची गंजी असते, सालगडी असतो, आणि राशीच्या दिवसांत रात्री जागलीला गेलेलं घरातलं कुणी तरी असतं. लातूरकडे गेलं की त्यालाच कोठा म्हणतात. आमचं खानदान या दोन जिल्ह्यांत वाटलं गेलेलं असल्यामुळे घरात दोन्ही शब्द चालतात, आणि कुठला खरा यावर दर ईदला शीरखुर्म्यासोबत एकदा तरी वाद होतो.

आम्ही म्हणजे दादाजानांची नातवंडं. नांदेडची तिघं, लातूरची दोघं आणि उदगीरच्या थोरल्या फुफूची एक मुलगी. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेत आहे, एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शेती आमच्यापैकी कुणीच करत नाही. तरी 2025 सालातले कितीतरी शनिवार-रविवार आम्ही हातात घमेलं आणि डोक्याला रुमाल बांधून एका पडक्या माळवदाखाली काढले.

हा आखाडा कंधार तालुक्यात, मानार धरणाच्या पाण्याच्या कडेला आहे. नांदेडहून लोहा, लोह्याहून कंधार, तिथे हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात फातिहा पढायची आणि बारूळच्या दिशेने निघायचं. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर रस्ता नाही, वाट आहे. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरही रुतून बसतो. भोवती जंगल आहे असं आम्ही सांगतो खरं, पण किनवट-माहूरचा माणूस ते ऐकून हसेल. त्यांच्याकडे साग उभा आहे. आमच्याकडे बालाघाटाच्या उतरणीचं माळरान, त्यावर पळस, हिवर, बाभूळ, बोरी आणि सीताफळीची दाट झुडपं. पण रात्री तिथे एकही दिवा दिसत नाही, टिटवी ओरडली की अंगावर काटा येतो आणि शेजारचा आखाडा हाकेच्या पलीकडे आहे. एवढ्याला आम्ही जंगल म्हणतो.

हे घर आधीपासून पाण्याकाठी नव्हतं. 1948 च्या सप्टेंबरात, पोलिस अ‍ॅक्शनच्या दिवसांत, दादाजान बायको आणि दोन वर्षांच्या अब्बांना घेऊन हैदराबादला नातेवाइकांकडे गेले. दोन वर्षांनी परतले आणि त्यांनी शेताच्या मधोमध हे घर बांधलं. त्या दोन वर्षांबद्दल ते कुणाशी कधी बोलले नाहीत. तेव्हा जमीन बावीस एकर होती. साठच्या दशकात मानार नदीवर धरण झालं आणि सोळा एकर बुडीतात गेली. काळी, कसदार, विहिरीखालची सगळी गेली. राहिली वरच्या अंगाची सहा एकर मुरमाड. घर जागेवरच राहिलं, तळं चालत त्याच्या उंबऱ्याशी आलं. जी विहीर घरापासून शंभर पावलांवर होती ती पाण्याखाली गेली. मोबदल्याचे जे पैसे मिळाले त्यांतून थोरल्या फुफूचं लग्न झालं. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे ती कामाला येणार आहे.

विहिरीचं बांधकाम दुष्काळात उघडं पडतं. 2016 च्या उन्हाळ्यात ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. चाचांच्या गल्लीत टँकरसाठी घागरींच्या रांगा लागत होत्या. त्याच दिवसांत आम्ही इकडे आलो तर तळं पार मागे सरकलेलं, चिखलाला भेगा, आणि मध्ये घडीव दगडांचं गोल कडं. पाणी मागे हटलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. सरकार ती वर्षभरासाठी देतं, आणि धरणात जमिनी गेलेल्यांना ती आधी मिळते. दादाजानांनी आपलीच जमीन अशी भाड्याने घेऊन बरीच वर्षं पेरली. तिथे टरबुजं फार गोड होत असत, असं अब्बा सांगतात. 1987 साली दादाजान गेले, दादी त्यांच्याही आधी गेल्या होत्या. अब्बा नांदेडला शिक्षक, चाचांचं लातूरला ताडपत्री, दोरखंड आणि शेतीसामानाचं दुकान. आखाड्यावर सालगडी राहिला, मग त्याचा मुलगा, मग कुणीच नाही.

हे घर दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं? आमच्या नाही, अब्बांच्याही नाही. ते छोट्या फुफूच्या मनात आलं.

छोटी फुफू सदुसष्ट वर्षांची. औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच्या एका गावात तिला दिलं होतं. फुफाजी गेल्यावर ती नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहत होती. मुलगा पुण्यात गाडी चालवतो. त्याच्याही एका खोलीत पाच माणसं. 2024 च्या हिवाळ्यात एकदा जेवणानंतर ती अब्बांना म्हणाली, “भाईजान, मेरे कू अब्बाजी के घर में रहना है.” अब्बांना आधी वाटलं ती आपल्या नांदेडच्या घरात राहायला येते म्हणते. ते लगेच हौ म्हणाले. ती म्हणाली, “इदर नै. आखाडे पे.”

घरात कल्ला झाला. एकटी बाई, जंगल, साप, पाणी, ना लाईट ना दवाखाना. लातूरहून चाचांचा फोन आला की हिला कुणी समजावा. फुफूने सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलावी लागते, आता तिला सामान उचलवत नाही. आखाड्याच्या पलीकडच्या शेतात एक कुटुंब बारमाही राहतं, त्यांच्या घरातली म्हातारी फुफूची लहानपणची मैत्रीण. शेळ्या पाळेन, सीताफळं विकेन, मुलगा महिन्याला पैसे पाठवतो. आणि माळवद तर आहेच.

माळवद आहेच, हे ऐकून अब्बा गप्प झाले. कारण माळवदाने फुफूच्या सासरी काय केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे, लोक दहा हजार म्हणतात. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. आमच्या भागात त्या पहाटेबद्दल एक वाक्य कुणीही म्हणतं: भूकंपाने माणसं मारली नाहीत, घरांनी मारली. गोल दगडांच्या हात-दोन हात रुंद भिंती, आतून-बाहेरून दोन थर, मध्ये चिखल आणि चिपा, दोन थरांना जोडणारं काहीच नाही. आणि डोक्यावर मातीचा डोंगर. फुफूची सासू गेली. ती पुढच्या खोलीत झोपली होती, तिथे छत थेट भिंतींवर टेकलेलं होतं. फुफू, फुफाजी आणि मुलगा मागच्या खणात होते, तिथे लाकडी खांब होते. भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या, खांबांनी छत धरून ठेवलं. तीस वर्षांनीही ती हे असं सांगते जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं.

किल्लारीनंतर आमच्याकडे माळवदाचा धसका बसला तो बसलाच. नांदेड-लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत लोकांनी धाबी उतरवली आणि पत्रे टाकले. मे महिन्यात पत्र्याखाली झोपून पाहावं म्हणजे कळतं की जीव वाचवायची ही किंमत किती आहे. चाचांचंही मत पत्र्याचं होतं. तीस पत्रे, चार अँगल, दोन दिवसांत काम खलास. पण फुफू म्हणाली की घराला खांब आहेत, घर पडणार नाही, वरचं ओझं तेवढं कमी करा. आम्ही जो गवंडी आणला तो साठीचा, जवानीत भूकंपाच्या पुनर्वसनाच्या कामावर चार वर्षं राहिलेला. त्याने आत जाऊन खांब ठोकून पाहिले, सानं वर करून पाहिलं, आणि बाहेर येऊन तेच सांगितलं जे फुफू न शिकता सांगत होती.

आता कामाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माळवद कसं असतं हे आपल्या पोरांना यापुढे कुणी सांगेल असं वाटत नाही. खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या दांड्या, त्यावर किलचन म्हणजे फोडलेल्या लाकडाचा दाट थर, त्यावर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. जुन्या गढीच्या, पडलेल्या पांढरीच्या जागेवरून लोक ती आणत. दर वर्षी मृगाच्या आधी पाटीभर नवी माती वर पसरायची, चिरा बुजवायच्या. जुनी कुणी काढत नसे. बाप घालतो म्हणून मुलगा घालतो. असं पन्नास-साठ वर्षं चाललं की वीतभर मातीची दीड-दोन हात होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण खालून छत तेवढंच दिसतं.

जानेवारीत तुरी निघाल्यावर आम्ही सुरुवात केली. आधी वाट साफ केली. बोरीच्या काट्यांनी सगळ्यांचे हात फाटले. माजघरातून दोन धामणी निघाल्या, ओसरीत मधमाश्यांचं मोठं पोळं होतं, ते पलीकडच्या आखाड्यावरच्या माणसाने संध्याकाळी धूर करून उतरवलं आणि मध वाटून घेतला. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं. गवंड्याने ती उतरवून परत रचली. दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड त्याने बसवला, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून राहतो. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत तिरके लाकडी आधार ठोकले. पुनर्वसनाच्या वेळी गवंड्यांना हेच शिकवलं गेलं होतं. एक तुळई वाळवीने पोकळ केलेली होती. तिच्या जागी लातूरहून जुन्या सागाची तुळई आणली, कुठल्या तरी उतरवलेल्या वाड्याची. तिच्यावर कोरलेली वेल होती. कुणाच्या घराची वेल कुणाच्या डोक्यावर आली!

मग रमजान आला. 2025 ला तो मार्चभर होता. रोज्याच्या अंगाने माती उपसणं शक्य नव्हतं, म्हणून काम थांबवलं. 31 मार्चची ईद झाली आणि एप्रिलमध्ये छत उघडलं. वरची माती काढताना थर स्पष्ट दिसत होते: पांढुरका, तांबूस, मध्येच एक काळपट. गवंडी म्हणाला, हा काळपट म्हणजे कुणी तरी तळ्याचा गाळ घातला असणार, त्या वर्षी पांढरी मिळाली नसेल. अब्बा खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले, “बहात्तरचा दुष्काळ. अब्बाजींनी घातला. खाली जायला पाणीच नव्हतं, गाळ तेवढा होता.” दीड हाताहून जास्त माती निघाली. परत घालायची होती फक्त वीतभर, तीही चाळून. अर्धं छत मोकळं झालं होतं तेव्हा लाईटचा विषय निघाला.

मीटरसाठी अर्ज करायचा तर सातबारा लागतो. आमच्यातल्या बँकवाल्याने तो काढून आणला. मेच्या पहिल्या आठवड्यातली ती दुपार. सगळे कडुनिंबाखाली बसलो होतो, चाचाही त्या दिवशी लातूरहून आले होते. फुफू उर्दू सातवी शिकलेली, मराठी अक्षर तिला अडखळत वाचता येतं. ती म्हणाली, “पढ के सुना रे.” आमच्यातल्या एकाने गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, भोगवटादाराच्या रकान्यातलं अब्बांचं नाव वाचलं, चाचांचं नाव वाचलं.

“और?”

“बस, फुफू.”

“हम दोनों का नै?”

कुणी काही बोललं नाही. ती रागावली नाही, रडलीही नाही. तिने कागद हातात घेतला, चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि घडी करून परत दिला. मग उठून चहा ठेवायला गेली.

1987 साली दादाजान गेले तेव्हा वारसांची नोंद झाली ती दोन मुलांची. बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेतलं असंही नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही आहे असं त्या काळी कुणाला वाटत नव्हतं. गावात सगळ्यांचं असंच होत होतं, पाटलाच्या घरी आणि आमच्याही. फरक एवढा की आमच्याकडे किताब आहे. सूरह निसामध्ये हिस्से मोजून दिलेले आहेत. मुलाला दोन, मुलीला एक. दोन मुलं, दोन मुली, सहा एकर. अब्बांना दोन, चाचांना दोन, फुफूंना एक-एक. दुसरीतल्या पोरालाही करता यावी अशी वाटणी. आपल्या प्रत्येक जलशात, प्रत्येक सीरतच्या तकरीरीत आपण अभिमानाने सांगतो की इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला. अगदी खरं आहे. ऐकून छाती फुगते. मग आपण घरी येतो आणि सातबारा कपाटात असतो. 2005 ला हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला, तेव्हा त्यांच्याकडेही भावांनी बहिणींच्या हक्कसोडीच्या सह्या घ्यायचा सपाटा लावला. याबाबतीत आपला आणि शेजाऱ्याचा मजहब एकच आहे.

चाचांनी त्या दुपारी जे म्हटलं ते इथे लिहायलाच हवं, कारण ते चुकीच्या माणसाने म्हटलेलं नाही. ते म्हणाले, थोरलीचं लग्न धरणाच्या पैशात झालं, छोटीच्या लग्नाला दोन बैल विकले. अब्बाजींच्या शेवटच्या आजारात दुकान गहाण टाकलं. अडतीस वर्षं शेतसारा भरला, सालगड्याचा पगार दिला. तेव्हा कुणी हिस्सा विचारला नाही. आणि आता विचारायची वेळ बघा. या वेळेमागे एक कारण होतं, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं. नांदेडच्या एका प्लॉटिंगवाल्याचा निरोप चाचांकडे आला होता. पाण्याकाठी फार्म हाऊसचे प्लॉट पाडायचे होते त्याला. चाचांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, दुकानावर कर्ज होतं. भाव असा होता की सहा एकर मुरमाडाला कुणी स्वप्नातही देणार नाही.

अब्बा काहीच बोलले नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना हिस्सेवाटणीची गणितं घातली, तो खुर्चीवर बसून काठीने मातीत रेघा ओढत राहिला. चाचा संध्याकाळच्या गाडीने लातूरला निघून गेले. गवंड्याची पुढची मजुरी चाचांकडून यायची होती, ती आली नाही. आम्हीही दोन आठवडे गेलो नाही. नांदेडची भावंडं आणि लातूरची भावंडं, रोज फोनवर बोलणारी, एकमेकांना फोन करेनाशी झाली. अर्धं माळवद उघडं पडून होतं. पाऊस यायला अजून महिना होता.

पण त्या वर्षी मे महिना जूनसारखा वागला. मराठवाड्यात अवकाळीने धुमाकूळ घातला आणि मान्सून 25 मेच्या सुमारास महाराष्ट्रात दाखल झाला. एका संध्याकाळी कंधारकडचं आभाळ काळं झाल्याचा फोन पलीकडच्या आखाड्यावरून आला. फुफू तिथेच होती, मैत्रिणीकडे. चाळलेली पांढरी माती अंगणात ढीग लावून ठेवलेली, ती वाहून गेली असती तर पुन्हा मिळणं नव्हतं. नवी तुळई उघडी. आम्ही नांदेडहून तिघं मोटारसायकलींवर निघालो. लोह्याच्या पुढे पावसाने गाठलं. पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि आखाड्यासमोर एक टेंपो उभा होता. चाचा छतावर होते. बहात्तर वर्षांचा माणूस, लुंगी खोचलेली, तोंडात बॅटरी, आणि दुकानातली सगळ्यात मोठी ताडपत्री तो एकटा ओढत होता. खालून फुफू ओरडत होती, “उस कोने कू दगड रख, हवा भर रही!” लातूरची भावंडं दोर धरून भिजत उभी होती. आम्ही वर चढलो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. रात्री दोनपर्यंत ताडपत्री धरून बसलो. मातीचा ढीग वाचला, तुळई वाचली. फुफूने चुलीवर खिचडी केली, ती धुराने इतकी भरलेली होती की आजही तिची चव सांगता येते.

याने भांडण मिटलं असं वाटत असेल तर तसं नाही. सकाळी चाचा ताडपत्री तिथेच सोडून गेले, पण सहीचा विषय काढू दिला नाही.

विषय काढला थोरल्या फुफूने. ती उदगीरला असते, शहात्तर वर्षांची, घरचं बरं आहे. बकरी ईदला, 7 जूनला, सगळे नांदेडला जमले. कुर्बानीचे हिस्से चालले होते. चाचा समजुतीच्या सुरात तिला म्हणाले, “आपा, तुमको क्या कमी है? तुम तो वैसे भी नै लेते.” त्यांना वाटलं ती हौ म्हणेल आणि धाकटीही ऐकेल. थोरली फुफू मटणाच्या पिशव्या बांधत होती. ती म्हणाली, “पैले नाम तो लगने दे. फिर मैं देती की नै देती, मेरी मर्जी. जो मेरे नाम पे हैच नै वो मैं कैसा देऊँ?”

चाचा हसले. पहिल्यांदा हसले, मग गप्प झाले. त्या दिवशी त्यांनी जेवण नीट केलं नाही. आठ दिवसांनी लातूरहून अब्बांना फोन आला: कागद तयार करा, मी येतो. प्लॉटिंगवाल्याला त्यांनी काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी अब्बांनी आपली जी काही ठेव होती ती मोडली, हे आम्हाला नंतर अम्मीकडून कळलं.

कागद तयार करणं सोपं नसतं. अडतीस वर्षांपूर्वीचा मंजूर फेरफार, त्याविरुद्ध अपील, इतका उशीर का झाला त्याचा अर्ज, चौघांची शपथपत्रं, दादाजानांच्या मृत्यूचा दाखला, दादींचा तर दाखलाच नव्हता. थोरल्या फुफूचं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं. कचेरीत एका कारकुनाने अब्बांना विचारलं की भाऊ स्वतःहून बहिणींची नावं लावायला आलेत, कुणी दबाव टाकला का? अब्बा म्हणाले, “हो, थोडा उशिरा टाकला.” प्रकरण मंजूर झालं की नवा फेरफार धरला जाईल, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागेल, आणि मग नावं. आमच्या ओळखीत असं स्वतःहून केलेलं हे पहिलंच प्रकरण आहे. कौतुक म्हणून हे सांगत नाही. आमची ओळख काही लहान नाही, कंधारपासून औश्यापर्यंत पसरलेली आहे, म्हणून सांगतो.

घर जूनच्या शेवटी पुरं झालं. वीतभर पांढरी माती, पाणी काढायला दोन बाजूंना पनाळं, सान्यावर काच. मीटर अब्बा-चाचांच्या संमतीपत्रावर फुफूच्या नावाने मिळालं. ओसरीत तिने किबल्याच्या बाजूचा ताक चुन्याने रंगवला. चार शेळ्या घेतल्या, त्यांतली एक पहिल्याच महिन्यात लांडग्याने की कुत्र्यांनी नेली, यावर अजून एकमत नाही. ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, 17-18 तारखेच्या रात्री हसनाळ आणि आजूबाजूच्या गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. त्या रात्री फुफूचा फोन लागत नव्हता. सकाळी अकराला लागला. आम्ही काही विचारायच्या आत ती म्हणाली की उत्तरेचं पनाळ छोटं पडतं, गवंड्याला सांगा.

थोरली फुफू दिवाळीच्या सुट्टीत उदगीरहून चार दिवस राहायला आली. तळं काठोकाठ होतं. अपिलाच्या कागदांना जोडायला कच्चा नकाशा काढायचा होता, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुनी विहीर कुठे दाखवायची विचारलं. दोघी बहिणी ओट्यावरून उठल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. थोरलीने बोट दाखवलं ते पळसाच्या सरळ रेषेत. छोटीने दाखवलं ते त्याच्या डावीकडे, पन्नास पावलं तरी अलीकडे. “तू तो छोटी थी, तेरे कू क्या याद,” थोरली म्हणाली. “पानी मैं भरती थी, तू झाडाखाली बसती थी,” छोटी म्हणाली. ऊन उतरेपर्यंत दोघींचं चाललं होतं. नकाशात ती जागा आम्ही मोकळी ठेवली.